पाठीचा कागद

३ फेब्रुवारी

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. हा नमस्कार अगदी शब्दशः घे, कारण मी खरोखरच स्टुडिओच्या फरशीवर पालथा पडून लिहितोय. टेबलावर न्हावी आहे. म्हणजे न्हाव्याचा फोटो, माणसाच्या उंचीचा, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. काल दुपारी तो चांगला सपाट होता, आज सकाळी बघतो तर पाळण्यासारखा वाकलाय. चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. विटा काढल्या की तो परत उठून बसतो.

झालंय असं की वर्षभर मी आमच्या गल्लीतल्या एकेका दुकानदाराचा त्याच्या दुकानात फोटो काढला. न्हावी, बेकरीवाला, शिंपीणबाई, किल्लीवाला, सगळे. ग्रंथालयाने या फोटोंच्या प्रदर्शनाला वाचनाचा हॉल देऊ केला, तोही फुकट. फुकट म्हटल्यावर मी नाही कसा म्हणणार? मग जोशात सगळे फोटो मोठे छापून टाकले. एका फ्रेमवाल्याला काच, चौकट, माउंट असं सगळं मिळून काय पडेल ते विचारलं. त्याने सांगितल्यावर मी खाली बसलो आणि त्याने मला पाणी दिलं. नाकापेक्षा मोती जड. म्हटलं आपला हात जगन्नाथ, घरीच खळ शिजवू, पुठ्ठ्यावर चिकटवू, झालं काम.

काम झालं नाही, न्हावी वाकला. तू आणि काकांनी उभा जन्म लोकांचे फोटो चौकटीत बसवले, आता भाच्याची अब्रू बसव. फोन करणार होतो, पण तूच म्हणतेस की फोनवर मी नुसता हो हो करतो आणि ऐकत काही नाही. लिहून पाठव.

शेजारची चष्मेवाली न्हाव्याला बघून गेली. म्हणाली, न्हावी सरळच आहे, तुझ्या डोळ्यांत दोष आहे, येऊन नंबर तपासून घे. हसायला तिला कारण लागत नाही. तिच्या भावाचं दुसऱ्या शहरात चष्म्यांचं मोठं दुकान आहे, तो तिला तिकडे बोलावतोय. परवापासून तिच्या दारावर ‘दुकान भाड्याने देणे आहे’ अशी पाटी झळकतेय. माझं प्रदर्शन उरकलं की ती जाणार. गेली तर गेली, मला काय त्याचं, पण माझी पंचाईत होणार. कुणाचाही फोटो काढण्याआधी त्या जागेवर तीच उभी राहते. तिच्यावर मी दिवे आणि फोकस जुळवतो, मग खरा माणूस उभा करतो. शेवटचा फोटो माझा स्वतःचा होता, त्यात तर बटणही तिनेच दाबलं. असा खांब पुन्हा मिळायचा नाही.

काकांना नमस्कार. न्हाव्याचं काय करू ते लवकर कळव.

तुझा
चिंगूस


९ फेब्रुवारी

चिंगूस,

अनेक आशीर्वाद. आधी त्या विटा काढ.

तुझ्या न्हाव्याचा काही दोष नाही. कागदाला खळ लागली की तो ओला होऊन फुगतो. वाळताना आखडतो आणि आखडताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूने कुणी ओढलं की पुठ्ठाच काय, माणूसही वाकतो. उपाय एकच, मागूनही तेवढंच ओढायचं. पुठ्ठ्याच्या पाठीला तसाच कागद, तेवढ्याच आकाराचा, त्याच दिवशी, तीच खळ लावून चिकटव. पातळ कागद चालणार नाही, वर्तमानपत्र तर मुळीच नाही. ज्या दिशेने पुढचा कागद सहज वळतो त्याच दिशेने मागचाही वळला पाहिजे. दोन्हीकडून सारखी ओढ लागली की पुठ्ठा शहाण्यासारखा उभा राहतो.

नवा कागद विकत आणणं तुझ्या जिवावर येणार हे मला ठाऊक आहे. मग बिघडलेल्या प्रती असतील त्या वापर. छापलेल्या बाजूला खळ धरत नाही, तेव्हा कोरी बाजू पुठ्ठ्याकडे आणि छापलेली बाहेर. काळजी नको, फोटोची पाठ भिंतीकडे असते. तिथे काय आहे ते पालीशिवाय कुणी बघत नाही.

माउंटसाठी, म्हणजे फोटोभोवतीच्या कागदी किनारीसाठी, अख्खा ताव आणून मध्ये खिडकी कापत बसू नकोस, मधला एवढा मोठा तुकडा वाया जातो. चार पट्ट्या काप, कोपऱ्यात तिरक्या जोड. खालची पट्टी वरच्यापेक्षा बोटभर रुंद ठेव, नाहीतर माणूस चित्रातून खाली घसरतोय असं वाटतं. आणि टांगताना दोन ठिकाणी टांग. एकाच ठिकाणी टांगलेलं काहीही सरळ राहत नाही, हे तुझ्या काकांचं म्हणणं आहे आणि ते माझ्याकडे बघून म्हणतात.

त्या चष्मेवालीला ‘खांब’ हे तोंडावर म्हणालास की मलाच लिहिलंस?

तुझी
आत्या


१४ फेब्रुवारी

ती. आत्या,

न्हावी सरळ झाला. बेकरीवाला, शिंपीणबाई, सगळे सैनिकासारखे ताठ उभे आहेत. तुझ्या हाताला सोन्याचं कडं घालायला हवं. घालणार नाही, पण हवं.

पाठीला लावायला कागद घरातच निघाला. प्रत्येक फोटोची एकेक चाचणीची प्रत होतीच, तिच्यात खऱ्या माणसाच्या जागी चष्मेवाली उभी. ती नुसती उभी राहत नाही हा तिचा त्रास. न्हाव्याकडे रिकाम्या खुर्चीवर कात्री चालवते. बेकरीत भट्टीकडे बघून असा चेहरा करते की पाव तिने जाळलेत. शिंपीणबाईंची माप घेण्याची टेप गळ्यात घालून ती माझ्याकडेच ‘पोट सुटलंय’ अशा नजरेने बघते. एका फोटोत तर ती किल्ली डोळ्याला लावून भोकातून बघतेय. हसण्यामुळे यातली अर्धी चित्रं हललेली आहेत, तेव्हा बिघडलेलीच म्हणायची. सगळ्या प्रती त्याच कागदावर आणि त्याच आकारात होत्या, त्यामुळे तू म्हणालीस तशी ओढ अगदी बरोबर बसली. नवा ताव एकही आणावा लागला नाही.

तिला हे सांगितलेलं नाही. मध्ये एकदा तिने विचारलं होतं की माझ्या त्या चाचणीच्या चित्रांचं काय करतोस. टाकून देतो म्हणालो. ‘बरं,’ म्हणाली आणि दिवसभर हसली नाही. म्हणजे तब्येत बरी नसावी. खांब मी तोंडावर कधीच म्हटलं नव्हतं, ती स्वतःच म्हणते, ‘खांब हजर आहे.’

तिने आता काचेच्या कपाटातल्या चौकटी खोक्यात भरायला घेतल्यात. भिंतीपलीकडून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज दिवसभर येतो. त्या आवाजाने माझं कामात लक्ष लागत नाही.

तुझा
चिंगूस


१९ फेब्रुवारी

चिंगूस,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग काकांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि पोट धरून हसले.

अरे, चाचणीची प्रत म्हणजे काय असतं ते मी तुला शिकवू? तळहाताएवढी पट्टी. चेहऱ्याचा रंग बघायचा, काळा किती काळा येतो ते बघायचं, संपलं. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही असा तू माणूस. साबणाच्या चिपळ्या जोडून साबण करतोस. बसची तिकिटं जपून त्यांच्या पाठीवर हिशेब मांडतोस. आणि तू एका ‘खांबाची’ चित्रं माणसाच्या उंचीची छापलीस? तीही एक नाही, प्रत्येक दुकानातली? आणि छापून पुन्हा जपून ठेवलीस?

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन डोळे शेजारी, भेट नाही संसारी. अजून म्हणी हव्या असतील तर कळव, साठा मोठा आहे.

ती दिवसभर हसली नाही याचा तब्येतीशी काही संबंध नाही रे गाढवा. आपण वर्षभर कुणासाठी उभं राहिलो आणि त्याने ते टाकून दिलं, असं ऐकल्यावर कोण हसेल? आणि जिला जायचंच असतं ती खोकी एका दिवसात भरते. ही तुला ऐकू जाईल अशी दिवसभर चिकटपट्टी ओढतेय.

तुझे काका काही बोलणारे नव्हते. मी माझं भरतकाम चौकटीत बसवायला त्यांच्या दुकानात दिलं, तेव्हा त्यांनी तीनदा माउंट लहान कापला. तीनदा मला ‘उद्या या’ म्हणाले. त्यानंतर आजतागायत त्या माणसाची सुरी केसभर चुकलेली मी पाहिली नाही. पण तेव्हा मी समोर राहत होते आणि कुठेही जाणार नव्हते. तुझ्याकडे तेवढा वेळ नाही. ती गेली तर तू त्या स्टुडिओत एकटा बसून बसच्या तिकिटांवर लिहीत राहशील, आणि ते मला बघवणार नाही.

जा आणि सांग.

तुझी
आत्या


२२ फेब्रुवारी

ती. आत्या,

घाईत लिहितोय. तुझं पत्र वाचून कान तापले. सांगतो. नक्की सांगतो. उद्घाटन एकदा पार पडू दे, मग सांगतो. परवा तिच्या दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो होतो. ती म्हणाली, काय हवंय? मी म्हणालो, चष्मा पुसायचं कापड. आता घरात तीन कापडं आहेत आणि चष्मा एकही नाही.

इथे वेगळंच घोडं अडलंय. ग्रंथपालबाई म्हणतात की हॉलच्या भिंतींना नुकताच रंग दिलाय. ‘एक खिळा ठोकायचा तर आधी मला ठोका,’ हे त्यांचे शब्द. पण छताखालून आडवे लोखंडी पाइप गेले आहेत, त्यांना टांगायला हरकत नाही. तेव्हा सगळे फोटो हॉलच्या मधोमध, हवेत लटकणार. लोक त्यांच्यामधून फिरतील. भिंतीपेक्षा हेच बरं दिसेल असं वाटतंय.

तू दोन ठिकाणी टांग म्हणालीस, पण मी मधोमध एकच भोक पाडून एकेका दोरीवर भागवलंय. वजन पेलतंय, आणि नायलॉनचं अर्धं रीळ शिल्लक राहिलं.

शनिवारी उद्घाटन. आशीर्वाद असू दे.

तुझा
चिंगूस


२५ फेब्रुवारी
(पोस्टकार्ड)

अरे दीडशहाण्या,

भिंत नाही तर पाठ कुठे लपणार? फोटो हवेत आणि तेही एका दोरीवर? फुंकर घातली तरी फिरतील. मिळेल तिथून खाकी कागद आण आणि पाठी झाक. नाहीतर दुसरी दोरी लाव. अर्धं रीळ शिल्लक आहे म्हणालास ना, त्याचं काय लोणचं घालणार आहेस?

किंवा यातलं काहीच करू नकोस, असं काका म्हणतात. ते अजून हसतायत.

आत्या


१ मार्च

ती. आत्या,

सगळं संपलं. तोंड दाखवायला जागा राहिली नाही, म्हणून दार लावून घरात बसलोय. स्टुडिओ कालपासून बंद आहे. तुझं पत्र आलं असेल तर तिथे पडलेलं असेल.

सुरुवात झकास झाली होती. गल्ली लोटली होती. बेकरीवाला स्वतःच्या फोटोसमोर स्वतःसारखाच उभा राहून दाखवत होता. किल्लीवाल्याने सगळ्या घरच्यांना रांगेत आणलं होतं. मी फोटोंच्या पुढच्या बाजूकडून लोकांशी बोलत होतो आणि पाठीमागे काय आहे हे माझ्या डोक्यातही नव्हतं. देवाशपथ नव्हतं, आत्या. पंधरा दिवस त्या पाठींना मी पालीच्या हवाली करून टाकलं होतं.

मग ग्रंथपालबाई म्हणाल्या की किती उकडतंय, आणि त्यांनी पंखे लावले.

आधी न्हावी हलला. जरा मान वळवावी तसा वळला, मग निम्मा फिरला, मग पूर्ण, आणि त्याच्या जागी रिकाम्या खुर्चीवर कात्री चालवणारी चष्मेवाली आली. त्याच्यामागे बेकरीवाला फिरला. शिंपीणबाई फिरल्या. सगळा हॉल गरागरा फिरायला लागला. दुकानदार, चष्मेवाली, दुकानदार, चष्मेवाली. लोकांत जो हशा उठला तो आवरेना. न्हावी म्हणाला, माझ्यापेक्षा हिचा हात बरा दिसतोय. किल्लीवाल्याच्या आईने मला विचारलं की ही सगळीकडे आहे, मग हिचं दुकान नक्की कुठलं.

ती तेव्हाच आली. खोकी भरून उशिरा आली होती, केसांना चिकटपट्टीचा तुकडा लागला होता. दारात उभी राहिली. मग आत आली आणि एकेका फोटोजवळ जाऊन तो फिरून तिची बाजू समोर येईपर्यंत थांबली. ती हसत नव्हती. लोक आपोआप बाजूला झाले. मी खांबासारखा उभा.

सगळे बघून झाल्यावर ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली, “टाकून दिले म्हणाला होतास.”

आणि मी काय बोललो असेन? मी म्हणालो, “चांगला कागद होता. टाकवेना.”

“नुसता कागद?”

“नाही,” मी म्हणालो. त्याच्यापुढचं सगळं शिल्लक राहिलं. वर्षभराचं शिल्लक राहिलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग कोपऱ्यातल्या एका फोटोकडे बघितलं, आणि वळून तरातरा हॉलच्या बाहेर निघून गेली. सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. मी मागच्या दाराने सटकलो आणि घर गाठलं.

ती आता जाणार. जाऊ दे. मी नुसता पैशांत कंजूष असतो तर चाललं असतं, शब्दांतही निघालो. अर्धं रीळ वाचवलं आणि ती घालवली.

तुझा
चिंगूस


४ मार्च

आदरणीय आत्याबाई,

नमस्कार. आपली ओळख नाही. मी शेजारची चष्मेवाली, म्हणजे तुमच्या भाच्याचा खांब.

तुमचा पत्ता पोस्टकार्डावरून मिळाला. स्टुडिओ बंद होता म्हणून पोस्टमनने कार्ड माझ्याकडे दिलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला माहीत आहे, पण उघडं कार्ड समोर आलं की वाचलं जातं, आमचा धंदाच अक्षरं वाचायला लावण्याचा. खाकी कागदाचा सल्ला वेळेवर पोचला नाही याबद्दल तुमच्या यजमानांना माझे विशेष आभार सांगा.

याने तुम्हाला काय लिहिलं असेल याचा मला अंदाज आहे. मी रागावून निघून गेले असंच ना? आत्याबाई, मी पंखा आणायला गेले होते. कोपऱ्यातला एक फोटो फिरतच नव्हता. छताच्या पंख्याचा वारा तिथवर पोचत नव्हता. तो याचा स्वतःचा होता, स्टुडिओतल्या स्टुलावर बसलेला. त्याच्या पाठीवर कोण आहे ते मला बघायचं होतं. हात लावून फिरवता आला असता हे मला वाटेत सुचलं, पण तोवर मी अर्ध्या रस्त्यात होते आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. दुकानातला उभा पंखा उचलून घामाघूम होऊन परत आले, तर हा पळालेला.

पंखा लावला. तो फिरला. त्याच्या जागी त्याच स्टुलावर मी होते. बाकी सगळ्या फोटोंत मी चाळे करतेय, या एकात नुसती कॅमेऱ्याकडे बघतेय. म्हणजे कॅमेऱ्यामागे जो होता त्याच्याकडे. माझा चेहरा असा दिसतो हे मला माहीत नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासते, आणि हे मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओ उघडेल म्हणून वाट पाहिली, तो उघडला नाही, तेव्हा संध्याकाळी तो पंखा उचलून याच्या घरी गेले. दार वाजवलं. मी म्हटलं, “दार उघड, पंखा जड आहे.” आतून म्हणाला, “विजेचं बिल किती येतं त्या पंख्याला?” मी म्हटलं, “उघड, सांगते.” मग दार उघडलं. पुढचं तुम्हाला तो लिहील. लिहिणार नाही, त्याला शब्द पुरवून वापरायची सवय आहे, म्हणून मीच सांगते की तो बोलला, सगळं बोलला, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना.

भावाला कळवून टाकलं. दारावरची पाटी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ‘दुकान चालू आहे’ असं रंगवलं. नवी पाटी आणणार होते, पण हा आणू देईना.

आता कामाचं. प्रदर्शन उद्या उतरवायचंय. न्हावी, बेकरीवाला, सगळ्यांनी आपापले फोटो मागून घेतलेत आणि दोन्ही बाजू हव्यात म्हणतात. कोपऱ्यातला तो एक आम्ही ठेवणार आहोत. पण आमचं भांडण लागलंय. तो म्हणतो माझी बाजू बाहेर हवी, मी म्हणते त्याची. भिंतीवर लावला तर एक बाजू पालीकडे जाणार. दोन्ही बाजू दिसतील आणि याच्या जिवाला खर्चही लागणार नाही, असं काही माउंटिंग तुमच्याकडे आहे का?

तुमची
(काय लिहू ते कळत नाही, तुम्हीच ठरवा)
चष्मेवाली


९ मार्च

चि. सूनबाई,

तू ‘ठरवा’ म्हणालीस, मी ठरवलं.

तुझं पत्र वाचून मी रडले आणि काका हसले. त्यांचं ते हसणं १९ फेब्रुवारीपासून चालूच आहे, त्याचं विशेष नाही. पण मग त्यांनी पट्टी, पेन्सिल आणि गुण्या काढला, जो दुकान बंद केल्यापासून त्यांनी हातात घेतला नव्हता, आणि दुपारभर कागदावर काहीतरी आखत बसले.

माझा उपाय असा. तुझं दुकान आणि त्याचा स्टुडिओ यांच्यामध्ये एकच भिंत आहे. त्या भिंतीत फोटोच्या मापाची खिडकी पाडा आणि फोटो तिच्यात बसवा, दोन्हीकडून काच. तुझ्याकडून तो दिसेल, त्याच्याकडून तू. पालीला काही मिळणार नाही.

हे मी काकांना दाखवलं. ते म्हणाले, काच महाग पडेल, दोन काचा तर फारच महाग, चिंगूस पुन्हा पाणी मागेल. त्यापेक्षा अख्खी भिंतच पाडा म्हणावं. मोठं एक दुकान होईल. एकीकडे डोळे तपासा, दुसरीकडे फोटो काढा, आणि मधोमध तो फोटो टांगा. काच नको, चौकट नको, माउंट नको. यापेक्षा स्वस्त काम त्यांच्या उभ्या जन्मात झालेलं नाही, असं ते म्हणतात, आणि भिंत पाडायला आम्ही दोघं येतोय.

त्याला सांग, अर्धं रीळ जपून ठेव. पण दोरी एकच लावा.

तुमची
आत्या